कातर रे भाजी! गोव्यातल्या कॉलेजच्या पोरांचं ऐकलं कोणी?

आज जरा लांबलचक लिहितोय, चहा घेऊन बसा.

'समुपदेशन' हा शब्द मला पहिल्यापासून खटकतो. त्याच्या पोटातच उपदेश बसलेला आहे. आणि आपल्याकडच्या पोरांना उपदेशाची कमतरता कधीच नव्हती. आजो करतो, मामा करतो, देवळाच्या पायरीवर बसलेला कोणीही करतो. कॉलेजात दारावर 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लागली तेव्हा माझ्या वर्गातला एक पोरगा मला म्हणाला, "सर, घरी फुकट मिळतं तेच इथं परत कशाला ऐकायचं?" त्याला समजावून सांगायला मला अर्धा तास लागला, की आत बसलेली बाई बोलायला नाही, ऐकायला बसली आहे. त्याला ते पटलं असं काही मला वाटलं नाही.

मी एकोणतीस वर्षं गोव्याच्या खाणपट्ट्यातल्या एका कॉलेजात इतिहास शिकवला. निवृत्त झाल्यावर आता बरोबरीची मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास निघतो: "आमच्या वेळी कुठे होतं रे हे काउन्सेलिंग-बिन्सेलिंग? आम्ही शिकलोच ना?" प्रश्न रागाने विचारला जातो, पण इतिहासाच्या मास्तराला तो चांगला प्रश्न वाटतो. काय होतं आमच्या वेळी? आमच्या आधी काय होतं? आणि जे शिकले नाहीत, मधेच गळाले, त्यांची नोंद कोणी ठेवली?

सुरुवात आमच्याच घरातून करतो.

१९६१ पूर्वी गोव्यात शिकायचं म्हणजे पणजीचं लिसेव (ते १८५४ चं), नाहीतर १८४२ साली सुरू झालेली वैद्यकीय शाळा. दोन्हीकडे पोर्तुगीज. मराठी शाळा गावोगाव खाजगी चालायच्या, पण त्यांच्या पुढे कॉलेज नव्हतं. म्हणून ज्यांची ऐपत होती त्यांनी मुलं मुंबई, पुणे, कोल्हापूर, धारवाडला पाठवली, आणि फार जणांनी बेळगावला. बेळगाव आपल्याला जवळचं. तिथे लिंगराज कॉलेज १९३३ पासून होतं, राणी पार्वतीदेवी कॉलेज १९४५ साली निघालं. आमचे धाकटे काका १९५३ मध्ये बेळगावला गेले. टिळकवाडीत एका खोलीत तिघे, आणि दोन वेळचं जेवण खाणावळीत.

पहिली दोन वर्षं ठीक गेली. ऑगस्ट १९५५ मध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि सीमा बंद झाली. लोंढ्याहून कॅसलरॉकमार्गे खाली उतरणारी आगगाडी थांबली. काका वीस वर्षांचे. घर म्हटलं तर शंभर मैलांच्या आत, पण जायची वाट नाही. घरचे पैसे येईनासे झाले. पत्रं यायची ती लपतछपत ये-जा करणाऱ्या कोणाच्या तरी हाती, दोन-दोन महिन्यांनी, घामाने भिजलेली. त्यातच १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं. शहरात मोर्चे, हरताळ. म्हणजे बघा, गोव्याचा पोरगा एका परक्या राज्यात शिकायला गेला आणि बसल्या जागी ते राज्यही बदललं.

काकांची त्या काळातली अकरा पत्रं आमच्या ट्रंकेत आहेत. मी ती इतिहासाची साधनं म्हणून वाचायला घेतली. प्रत्येकाची सुरुवात 'इकडे सर्व क्षेम' आणि शेवट 'प्रकृती ठीक आहे, काळजी नसावी'. मधला मजकूर मात्र लहान होत जातो. पहिलं पत्र चार पानी, नववं अर्ध्या पानाचं. शेवटच्या दोन पत्रांत क्षेम आणि काळजी नसावी, एवढंच आहे. त्या काळातल्या सुशिक्षित मुलाला आपलं मन बिघडलंय हे लिहायला मराठीत सोयीचं वाक्यच नव्हतं असं मला वाटतं. ताप आला, खोकला झाला, खर्चायला पैसे नाहीत, हे लिहिता यायचं. उठावंसंच वाटत नाही, हे कसं लिहिणार?

ते कळलं कोणाला, तर खाणावळवाल्या बाईला. विधवा बाई, वीसेक पोरांचं जेवण करायची. या पोराचं ताट तीन दिवस तसंच परत गेलं तेव्हा चौथ्या दिवशी ती मुलाला घेऊन खोलीवर गेली. काका अंथरुणात. दाढी वाढलेली, खिडकी बंद. तिने भाषण केलं नाही. "ऊठ, लसूण सोलायला माणूस नाही," एवढंच म्हणाली. मग दोन महिने काका रोज सकाळी तिच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून लसूण सोलत, तांदूळ निवडत. ती चुलीपाशी, हे दाराशी. हळूहळू बोलू लागले. तिनेच कुणाकुणाकरवी आमच्या आजोबांना निरोप पोचवला, आणि १९५७ च्या पावसाआधी एका वाटाड्याबरोबर काका रानातून चालत घरी आले. बी. ए. ची परीक्षा मात्र दिली नाही ती नाहीच. मुक्तीनंतर पोस्टात लागले, सज्जन माणूस म्हणून नाव काढलं. त्या बाईचं नाव आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. काकाही तिला नुसतं 'आक्का' म्हणायचे.

आता घरी आल्यावर काय झालं ते सांगतो, कारण ते आपल्या सगळ्यांच्या घरांत झालेलं आहे. पहिल्यांदा दिष्ट काढली. मग देवळात कौल लावला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: देवाला पाण्याने फुलांच्या पाकळ्या चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात, आणि उजवी पडली की डावी त्यावरून देवाचं उत्तर समजतात. काकांच्या वेळी आजोबांनी भर देवळात, कुळावी मंडळींसमोर गाऱ्हाणं घातलं की, पोर शिकायला पाठवला आणि असा मुका होऊन आला, आमचं काय चुकलं ते सांग. माझ्या आत्याच्या आठवणीप्रमाणे, आजोबा रडताना तेव्हाच पहिल्यांदा आणि शेवटचे दिसले. काका बाजूला बसून हे सगळं ऐकत होते.

कौलाला मी हसत नाही. बापाला मुलाचं दुःख चारचौघांत उच्चारायला दुसरी जागाच नव्हती. पण त्याच गावात दुसऱ्या एका मुलाला घाड्याकडे नेलं, बांधून ठेवलं, मिरच्यांची धुरी दिली. तो मुलगा पुढे बोललाच नाही. म्हणून 'आमची जुनी पद्धतच बरी' असं कोणी म्हणालं की मला त्या दोन घरांतलं अंतर आठवतं. ते होतं दोनशे पावलं.

मुक्तीनंतर चित्र भराभर बदललं. १९६२ मध्ये पणजीला धेंपे आणि मडगावला चौगुले अशी कॉलेजं निघाली, म्हापशाचं झेवियर पुढच्याच वर्षी. भाऊसाहेब बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगाव सरकारी मराठी प्राथमिक शाळा झाल्या, आणि पंधरा वर्षांत कुळांची, गवंड्यांची, रेंदेरांची मुलं कॉलेजच्या दारात आली. घरात आधी कोणी कॉलेज पाहिलेलं नाही अशी ही पहिली पिढी. प्राथमिक मराठीत, पाचवीपासून इंग्रजी, घरी कोंकणी. कॉलेजात प्राध्यापक इंग्रजीत भरभर बोलत जायचा आणि शेवटच्या बाकावरचा हुशार पोरगा वहीत नुसत्या रेघा मारत बसायचा. मीही त्या बाकांवर होतो, पंचाहत्तर-शहात्तर साली.

तेव्हा आम्ही मुंबई विद्यापीठाचे. गोवा विद्यापीठ १९८५ चं. परीक्षा मुंबईची, पेपर मुंबईचे, आणि निकाल लागला की वर्तमानपत्रात नंबर छापून यायचे. हे नव्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पेपर वाड्यावर एकच यायचा, दुकानात. म्हणजे तुमचा नंबर छापलाय की नाही हे तुमच्या आधी दुकानदाराला, मग गिऱ्हाइकांना, मग तुमच्या आईला, आणि शेवटी तुम्हाला कळायचं. निकालाच्या आदल्या रात्री आमच्या वाड्यावरच्या विहिरीवर वडीलधारी माणसं आळीपाळीने बसायची. कोणी बोलून दाखवायचं नाही कशासाठी ते. विडी ओढत, गप्पा मारत बसायची, बस. आज ज्याला आत्महत्या-प्रतिबंध म्हणतात तो हाच, फक्त त्याला नाव नव्हतं आणि त्यातला एक माणूस तरी झोप येऊन लवंडायचा.

नाव नव्हतं, कारण नाव घेतलं की 'आल्तिनो' आलं. पणजीच्या त्या टेकडीवर मनोरुग्णांचं इस्पितळ होतं. आमच्या घरात 'त्याला आल्तिन्याला न्यावा लागेल' या वाक्यानंतर त्या माणसाचं लग्न, त्याच्या बहिणीचं लग्न, सगळंच संपायचं. आता गंमत अशी की त्या इस्पितळाला नाव होतं आबे फारियाचं. आणि आबे फारिया कोण?

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे. लांब झग्यातला पाद्री हात पुढे करून उभा, समोर एक बाई मागे कलंडलेली. शाळेच्या सहलीला आलेल्या पोरांना तो भुताखेतांचा वाटतो. १९४५ साली उभारलेला, मडकईच्या रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला. जुझे कुस्तोदियु द फारिया हा कांदोळीत १७५६ साली जन्मलेला मुलगा. आईबाप वेगळे झालेले. आई मठात गेली, बाप पाद्री झाला. पंधराव्या वर्षी बाप त्याला घेऊन लिस्बनला गेला. पुढे रोमला शिकला, पॅरिसला गेला, आणि १८१३ पासून तिथे लोकांना झोपेसारख्या अवस्थेत नेण्याचे प्रयोग करून दाखवू लागला. त्या काळी म्हणत की करणाऱ्याच्या अंगातून काही चुंबकी प्रवाह निघतो. फारिया म्हणाला, माझ्या अंगातून काही निघत नाही, जे होतं ते समोरच्याच्या मनात होतं. १८१९ मध्ये त्याचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी तो गरिबीत वारला. संमोहनाच्या इतिहासात आज त्याचं नाव आदराने घेतात. द्युमाच्या 'काउंट ऑफ माँते क्रिस्तो' कादंबरीतला कैदी पाद्री फारिया हे नावही त्याच्यावरूनच.

त्याची एक आख्यायिका गोव्यात घरोघर सांगतात. लिस्बनला राणीपुढे प्रवचन द्यायला तरुण फारिया उभा राहिला आणि समोरचा दरबार बघून त्याची दातखीळ बसली. शब्द फुटेना. तेव्हा खाली बसलेल्या बापाने हळूच कोंकणीत म्हटलं, ही सगळी भाजी आहे रे, "कातर रे भाजी!" आणि पोराची जीभ सुटली. खरं-खोटं कागदावर सिद्ध करणं अवघड, आख्यायिकाच ती. पण आमच्या कॉलेजात मी तोंडी परीक्षेआधी थरथरणाऱ्या मुलांना ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल त्याला गणती नाही. घरापासून हजारो मैलांवर, परक्या भाषेत परीक्षा देणारा घाबरलेला विद्यार्थी, आणि त्याला आपल्या भाषेत आलेले तीन शब्द. यातल्या भाषेकडे मी पुन्हा येणार आहे.

१९८० मध्ये आल्तिन्याचं इस्पितळ आणि गोवा मेडिकल कॉलेजचा मानसोपचार विभाग एकत्र करून मनोरुग्णशास्त्राची संस्था झाली. ती पुढे बांबोळीला गेली, आज आपण तिला आयपीएचबी म्हणतो. इमारत बदलली, डॉक्टर चांगले मिळाले, पण 'बांबोळीला नेलं' याचा अर्थ गावात बरीच वर्षं तोच राहिला जो आल्तिन्याचा होता.

आता माझ्या नोकरीच्या काळाकडे येतो. डिचोली, सत्तरी, सांगे या भागात खाणी म्हणजे काय हे बाहेरच्यांना नीट कळत नाही. खनिज निर्यातीची चलती असताना घरटी एक ट्रक झाला. शेत गहाण, दागिने गहाण, बँकेचं कर्ज, ट्रक दारात. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. मधे थोड्या सुरू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्चपासून पुन्हा ठप्प. न्यायालयाचं चूक की बरोबर या वादात मी इथे पडत नाही. बेकायदा खाणकामाने डोंगर आणि नद्या कशा खाल्ल्या तेही मी डोळ्यांनी पाहिलंय. मी सांगतोय ते वर्गातलं.

वर्गातलं असं, की दिवाळीनंतर हजेरीपटावर रिकाम्या चौकटी वाढल्या. मुलगे पेट्रोल पंपावर, कळंगुटच्या हॉटेलांत रात्रपाळीला. मुली घरी, कारण आईला काजूच्या कारखान्यात जावं लागलं. जी मुलं येत होती ती कदंबाच्या पहिल्या बसने येऊन वाचनालयात झोपायची. आमच्या ग्रंथपालाने त्यांना कधी उठवलं नाही. कोपऱ्यातला पंखा मात्र मुद्दाम चालू ठेवायचा.

त्या वर्षी दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा माझ्याकडे बोनाफाईड सर्टिफिकेटवर सही घ्यायला आला. आठ दिवसांनी परत आला, हरवलं म्हणाला. पुन्हा आठ दिवसांनी. तिसऱ्या वेळी मी सही करण्याआधी विचारलं, "बस जरा. कशाला लागतंय रे हे?" तर म्हणाला, "लागत नाही सर." आणि मग दहा मिनिटं काहीच बोलला नाही. नंतर सगळं आलं: बापाचे तीन ट्रक दारात उभे, बँकेची माणसं, बाप दारू पितो, आई जेवत नाही, आणि हा रात्री जागून बापावर पाळत ठेवतो की तो कीटकनाशकाच्या डब्याकडे जाईल म्हणून. वय एकोणीस. परीक्षा तीन आठवड्यांवर. मी त्याला बांबोळीला नेलं नाही, कारण आजारी तो नव्हता. त्याच्या बापाला मात्र एका डॉक्टरमित्राकरवी नेलं. बाप वाचला. पोरगा एक वर्ष मागे पडला, पण गळाला नाही. तेव्हापासून मी टेबलावर बोनाफाईडचे कोरे फॉर्म उघडेच ठेवायचो. 'माझं मन बरं नाही' म्हणून दार कोणी वाजवत नाही. सही, रजेचा अर्ज, बस पासचा शिक्का, असं काहीतरी हातात घेऊनच पोर येतं.

हे मी माझ्या भाचीला सांगितलं. ती अमेरिकेत न्यू जर्सीत एका कम्युनिटी कॉलेजात विद्यार्थ्यांच्या मदतीचं काम करते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे आपल्या साखळी, केपे, पेडणे इथल्या सरकारी कॉलेजांचे चुलत भाऊ समजा: गावातलीच पोरं, घरी राहून, नोकरी करत शिकणारी, फी कमी. १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला त्यांची सुरुवात झाली. ती हसली. म्हणाली, "मामा, आमच्याकडे पुष्कळ कॉलेजांत विषय निवडायला मदत करणारा आणि मनाचं ऐकणारा माणूस एकच असतो. पोरं येतात विषय बदलायला, आणि दार लावून रडतात." सातासमुद्रापलीकडे तेच बोनाफाईड!

याच सुमारास आपल्या गोव्यात एक मोठं काम झालं, ज्याची आपल्याच लोकांना फारशी माहिती नाही. १९९६ मध्ये विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पर्वरीला 'संगत' ही संस्था काढली. त्यांचा प्रश्न सोपा होता: मनाचे डॉक्टर मूठभर, दुःखी माणसं गावोगाव, मग करायचं काय? त्यांनी गावातल्याच पदवीधर बायकांना, ज्यांनी कधी वैद्यकाचं किंवा मानसशास्त्राचं काही शिकलं नव्हतं, दोनेक महिन्यांचं प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. नैराश्य आणि चिंतेचे रुग्ण त्यांनी ओळखायचे, त्यांच्याशी बोलायचं, त्यांना समजावायचं, गरज पडली तर डॉक्टरकडे पाठवायचं. 'मनस' या नावाने हा प्रयोग बारा सरकारी आणि बारा खाजगी दवाखान्यांत झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. सरकारी केंद्रांत रुग्ण बरे होण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं. शाळांतल्या मुलांसाठीही त्यांनी पुढे असेच साधे समुपदेशक तयार केले. जगभर या पद्धतीचा अभ्यास होतो. मला तो शोधनिबंध पहिल्यांदा वाचताना टिळकवाडीतली आक्का दिसली, लसणाची टोपली घेऊन.

आता आमच्या कॉलेजातल्या कक्षाची गोष्ट. कॉलेजचं नाव घेत नाही, कारण हे बहुतेक सगळीकडे झालंय. खोली दिली ती प्राचार्यांच्या केबिनला लागून. आत जाणारं प्रत्येक पोर कारकून, शिपाई, प्राध्यापक सगळ्यांना दिसणार. पहिल्या सत्रात तिथे आलेले विद्यार्थी: चार. पैकी दोघांना शिक्षा म्हणून पाठवलेलं. मग आम्ही काही जणांनी भांडून ती खोली जिमखान्याच्या मागे, पिंगपाँगच्या टेबलापलीकडे हलवली, पाटीवर 'करियर मार्गदर्शन' लिहिलं, आणि येणाऱ्यांची संख्या वाढू लागली. जागा आणि पाटी बदलायला लागला एक दिवस. त्यासाठीच्या बैठका चालल्या दीड वर्ष.

दुसरी अडचण आपल्या गोव्याची खास. इथे सगळेच सगळ्यांचे कोणी ना कोणी लागतात. समुपदेशक म्हणून आलेली मुलगी हुशार, मुंबईला शिकलेली, पण ती निघाली एका विद्यार्थिनीच्या काकीची सख्खी भाची. विद्यार्थिनी दारातूनच परतली. यावर उपाय म्हणून शेजारच्या तालुक्यातल्या दोन कॉलेजांनी समुपदेशकांची अदलाबदल केली तर चालेल का असं मी सुचवलं होतं. फाईल वर गेली. वर गेलेल्या फायलीचं पुढे काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे.

तिसरी गोष्ट भाषेची. समुपदेशक इंग्रजीत किंवा पुस्तकी मराठीत विचारते, "तुला उदास वाटतं का?" मुलगा "नाही" म्हणतो. आणि ते खोटं नसतं. कारण त्याला जे होतं त्याचं नाव त्याच्याकडे 'उदास' नाहीच. तो म्हणतो 'बरें दिसना', 'तकली जड जाता', 'काळीज धडधडटा', नाहीतर सरळ 'टेन्शन'. 'मनस'मधल्या बायका आजाराचं मोठं नाव घेण्याऐवजी 'टेन्शन' म्हणूनच बोलायला सुरुवात करायच्या, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. माझा स्पष्ट अनुभव असा, की पोरगा घरच्या बोलीत शिरला की खरं बोलू लागतो. म्हणून मराठी-कोंकणीचा वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंच्या मित्रांना माझी विनंती असते की त्या खोलीत तो वाद नेऊ नका.

पण माझी सगळ्यात मोठी तक्रार कंत्राटाची. समुपदेशक अकरा महिन्यांसाठी नेमायचा, जूनमध्ये नवा माणूस. एका मुलीने पहिल्या वर्षी एका बाईंना सगळं सांगितलं, लहानपणी घरात जे झालं ते, आयुष्यात पहिल्यांदा. दुसऱ्या वर्षी बाई बदलल्या. नव्या बाईंनी वही उघडून "परत पहिल्यापासून सांग" म्हटलं. ती मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, मी काय दरवर्षी तेच सांगत बसू?" मला उत्तर देता आलं नाही. मिस्त्री बदलला तर अर्धी भिंत दुसरा पुरी करतो, पण विश्वास असा हातातून हातात देता येत नाही.

कायद्याचंही दोन शब्दांत सांगतो, कारण घराघरांत ज्या गोष्टी लपवल्या गेल्या त्यामागे तीही भीती होती. आत्महत्येचा प्रयत्न हा दंड संहितेच्या ३०९ कलमाखाली गुन्हा होता. पोर वाचलं तर पोलिस पंचनामा. म्हणून वाड्यावर 'चुकून औषध प्यायला', 'पाय घसरला' असंच सांगायचे आणि मुलाला पुढची मदत मिळायचीच नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २०१८ मध्ये लागू झाला, आणि त्याच्या ११५ व्या कलमाने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं धरून चालायचं, त्याला शिक्षा करायची नाही, ठरवलं. १ जुलै २०२४ पासूनच्या न्याय संहितेत तर ते जुनं कलमच उरलेलं नाही. अजूनही कित्येक घरांना हे माहीत नाही आणि ती इस्पितळात खोटं सांगतात.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी जीव दिला. विशाखापट्टणमला कोचिंग घेणाऱ्या सतरा वर्षांच्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ ला देशभरासाठी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध ठेवायचा, शिक्षकांना प्रशिक्षण द्यायचं. 'कुठे होतं आमच्या वेळी' हा प्रश्न गेल्या वर्षभरात वाढलाय तो त्यामुळेच. कोर्टाने माणूस नेमायला सांगितलं हे उत्तमच झालं. तो अकरा महिन्यांनी घरी जाणार नाही हे कोणी बघायचं, त्यासाठी पालक-शिक्षक संघाच्या सभेला आपल्याला जावं लागेल. त्या सभांना आपल्याकडे कोण जातं ते मी एकोणतीस वर्षं पाहिलंय: खुर्च्या शंभर, माणसं अकरा, आणि त्यातली चार चहावाली.

ज्यांच्या घरात आत्ता या वयाचं मूल आहे त्यांच्यासाठी: १४४१६ हा 'टेली-मानस'चा सरकारी फोन नंबर आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. फोन मुलानेच करायला हवा असं नाही. काय करावं कळत नसेल तर आईबापांनीही करावा. नंबर फ्रीजवर चिकटवा, गॅसच्या नंबराशेजारी, म्हणजे कोणी विचारणार नाही कशाला म्हणून.

आणि एक काम तुमच्यासाठी. मुक्तीपूर्वी आणि नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत बेळगाव, धारवाड, कोल्हापूर, मुंबईला शिकायला गेलेल्या आपल्या माणसांची पत्रं कोणाकडे असतील तर बघा. मला खाणावळींची माहिती हवी आहे: कुठल्या गल्लीत होत्या, कोण चालवायचं, महिन्याचे पैसे किती, पोरं किती जेवायची. टिळकवाडीतली, १९५५ ते ५७ मधली, लसूण सोलायला बसवणारी विधवा बाई कोणाच्या घरच्यांना आठवत असेल तर खाली जरूर लिहा. तिचं नाव हवंय.